आईच्या आंघोळीचं पाणी : ट्रॅव्हलरमधल्या गिझरच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ताई ओवाळायला आली होती, जेवणं झाली आणि तिथेच ठरलं. आई-बाबांना नर्मदा परिक्रमेला आपल्याच गाडीतून न्यायचं. जूनमध्ये घेतलेली सेकंडहँड ट्रॅव्हलर मिनीबस पुण्यात, वारज्याच्या पार्किंगमध्ये उभी आहे. आतले पलंग झाले, वायरिंग झालं, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसली, ९० लिटरची पाण्याची टाकीही बसली. गरम पाण्याचा विषय मात्र मी पुढे पुढे ढकलत आलोय.

आता ढकलून चालणार नाही. आईचा संधिवात थंडीत वाढतो. गार पाण्यात हात गेला की तिची बोटं दुपारपर्यंत मिटत नाहीत. "मैयाचं पाणी डोक्याला लावीन, पण आंघोळ कढत हवी," एवढं एकच तिने मागितलंय. म्हणजे रोज पहाटे दोन बादल्या, गाडी कुठेही उभी असो, कुणाच्या दारात न जाता.

बाबा म्हणाले, "घरच्यासारखा गिझर लाव की, त्यात काय एवढं?" त्यात काय आहे ते लिहून ठेवायचं म्हणून ही वही.

१० नोव्हेंबर

दिवसभर आकडेमोड.

अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये दोन तऱ्हा चालतात. पहिली साठवणीची. टाकी साधारण ६ किंवा १० गॅलनची, म्हणजे २३ किंवा ३८ लिटर, खाली ३.५ किलोवॅटच्या आसपासचा गॅस बर्नर आणि बऱ्याचदा सोबत विजेची कॉइल. तेवीस लिटर तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सबर्बन कंपनीच्या टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो आणि आधी स्वतः झिजून टाकी वाचवणारा अ‍ॅनोड असतो, तो अधूनमधून बदलायचा. अ‍ॅटवुड कंपनीची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, तिला अ‍ॅनोड लागत नाही. दुसरी तऱ्हा टाकीविना, आपल्या भाषेत इन्स्टंट. नळ उघडला की १२ ते १७ किलोवॅटचा बर्नर पेटतो आणि वाहतं पाणी तापतं. पाणी संपेपर्यंत गरमच येतं, हा तिचा मोठा गुण.

पण हा गुण आमच्या काय कामाचा? तिथल्या कॅम्पग्राऊंडवर गाडीला थेट नळ जोडता येतो, सांडपाण्याची जोडणीही मिळते. तिथे अर्धा तास शॉवरखाली उभं राहता येतं. आमच्याकडे ९० लिटर पाणी, तेही स्वयंपाक, भांडी, हातपाय सगळं धरून. आमचं गरम पाणी संपायच्या आधी टाकीतलं पाणीच संपतं. न संपणाऱ्या गरम पाण्यासाठी न संपणारी टाकी लागते.

दुसरं असं की आपण शॉवर घेत नाही, बादली-तांब्याने आंघोळ करतो. इंग्रजीतली सगळी तुलना शॉवर धरून केलेली असते, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. बादलीचं गणित वेगळं आहे. १५ लिटरची बादली ४० अंशांवर हवी, टाकीतलं गार पाणी १५ अंशांचं धरलं, तर ६५ अंशांचं साडेसात लिटर आणि गार साडेसात लिटर. म्हणजे दोघांसाठी १५ लिटर कढत पाणी.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-अवर लागतात. हा आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

१६ नोव्हेंबर

मामांकडचा जुना इन्स्टंट गॅस गिझर आणला, मिनिटाला ६ लिटरचा. दोन मोठे सेल घालून पाहिले, ठिणगी व्यवस्थित पडते. घरात वापरायला मामांना मी दोन वर्षांपूर्वीच मनाई केली होती, म्हणून तो माळ्यावर होता. प्रयोग उघड्यावरच करायचे, हे नक्की.

२४ नोव्हेंबर

पार्किंगमध्ये लोखंडी स्टँडवर गिझर टांगला, गाडीच्या १२ व्होल्टच्या पंपाला जोडला, सोबत ५ किलोचा सिलिंडर.

बादली लावली तर झकास. पाणी सलग वाहतं, बर्नर सलग जळतो, तीन-साडेतीन मिनिटांत बादली भरते. गॅसचा हिशेबही चांगला: एका बादलीला जेमतेम ४० ग्रॅम, म्हणजे एका छोट्या सिलिंडरमध्ये शंभरावर बादल्या. हे मान्य करायलाच हवं. टाकीविना गिझरला नावं ठेवणारे ज्या तक्रारी करतात, त्यातल्या निम्म्या बादलीपुढे गळून पडतात.

बेसिनवर मात्र बिनसलं. आईला दिवसातून चार-पाच वेळा गरम पाण्यात बोटं शेकायची असतात, त्यासाठी बारीक धार लागते. नळ बारीक केला, बादली आणि घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला २.२ लिटर. गिझर पेटलाच नाही. आतला रबरी पडदा पाण्याच्या दाबाने सरकतो तेव्हाच गॅस उघडतो आणि एवढ्या धारेला तो सरकत नाही. धार मोठी केली की पेटतो, पण मग बोटं शेकण्यापायी पाच लिटर पाणी जातं.

हँडशॉवर बंद-चालू करून पाहिलं. तीस सेकंद बंद ठेवून उघडला आणि तपमापी धारेत धरली. आधी ४८, कारण आतल्या तांब्याच्या नळीत अडकलेलं पाणी जास्त तापलं होतं. मग एकदम २७, बर्नर पेटायच्या आधी निसटलेलं गार पाणी. मग ४०. पाणी वाचवायला मध्ये मध्ये शॉवर बंद करणाऱ्याला दर वेळी हा चटका आणि हा गारठा. आईच्या हातांवर मी हे होऊ देणार नाही.

२९ नोव्हेंबर

सुट्टी टाकून पहाटे पाचला खडकवासल्याच्या बाजूला गेलो. तपमापी १० अंश दाखवत होती. थंडीतच पाहायचं होतं.

पहिली बादली ठीक. दुसऱ्या बादलीच्या मध्यावर सिलिंडरला हात लावला तर बर्फासारखा गार. अर्ध्या उंचीपासून खाली दंव धरलेलं, बोटाने रेघ ओढली तर पाण्याचे ओघळ आले. दव बरोबर आत जिथवर गॅस द्रवरूपात आहे तिथवरच होतं, सिलिंडर किती भरलाय ते बाहेरून दिसत होतं. ज्योत निळी होती ती लहान आणि मरगळलेली झाली. पाणी ३९ वरून ३१ वर आलं.

कारण समजायला सोपं आहे. सिलिंडरमधला द्रव गॅस होताना उष्णता मागतो, ती सिलिंडरच्या पत्र्यातून येते. छोटा सिलिंडर, गार हवा आणि १२ किलोवॅटचा, म्हणजे तासाला जवळपास किलोभर गॅस ओढणारा बर्नर. त्यात आपल्या एलपीजीमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतं. सिलिंडर स्वतःलाच गोठवत जातो. साठवणीच्या गिझरचा बर्नर याच्या पावपट ताकदीचा, तो हळूहळू गॅस ओढतो आणि निभावून नेतो. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, तिथे फेब्रुवारीच्या पहाटे काय होईल ते इथे दिसलं.

१ डिसेंबर

गॅस बाद.

थंडी आणि बारीक धार ही कारणं आहेतच, पण खरं सांगायचं तर मला कार्बन मोनॉक्साइडची भीती आहे. दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि दार उघडायचं सुचतच नाही. गाडी म्हणजे तर बाथरूमहून जराशी मोठी खोली, त्यात थंडीत सगळ्या काचा लावून झोपलेली दोन म्हातारी माणसं. मोटरहोमसाठी बनवलेले गिझर हवा बाहेरून घेतात आणि धूर बाहेरच सोडतात, ज्वलनाची पेटी गाडीच्या आतल्या हवेपासून पूर्ण बंद असते. आपल्याकडचा भिंतीवरचा गिझर तसा नाही. तो गाडीत बसवलेला कुठे पाहिला तर त्या मालकाशी बोला, एवढंच माझं सांगणं.

शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता जमिनीवर, पलंगाखाली साचतो. त्यासाठी तळाला भोकं असलेली बंद पेटी करावी लागली असती.

८ डिसेंबर

विजेचा हिशेब. इन्स्टंट तर विचारायलाच नको: मिनिटाला ३ लिटर पाणी २५ अंशांनी चढवायला पाच किलोवॅटहून जास्त लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीतून चारशे अँपिअर. साठवणीचा जमतो. १५ लिटर ४० अंशांनी तापवायला सुमारे ७०० वॅट-अवर, इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीचा ३० टक्के. एखाद्या दिवशी ठीक. रोज पहाटे सूर्य उगवायच्या आधी ३० टक्के देणं परवडत नाही, मग पंखा, दिवे, बाबांचं श्वासाचं मशीन यांचं काय?

हे जेवताना मोठ्याने बोलत होतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, स्वारगेट डेपोला. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "इंजिन दिवसभर पाणी उकळतंय. ते तू पंख्याने वाऱ्यावर सोडतोस आणि सिलिंडर शोधत हिंडतोस."

रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. डिझेलच्या उष्णतेचा मोठा हिस्सा कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात जातो, कूलंट ८५ अंशांच्या आसपास असतं आणि आमच्या गाडीत केबिन-हीटरच्या दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, आयत्या आहेत. बोटींमध्ये हे पूर्वीपासून करतात. इंजिनाचं गरम कूलंट टाकीतल्या कॉइलमधून फिरवतात, टाकीतलं पाणी तापतं, दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत.

१५ डिसेंबर

नऱ्ह्याला फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. चहाच्या कपाखाली कागद ठेवून नकाशा काढला.

टाकी १५ लिटर, ३१६ एल स्टील. काका ३०४ म्हणत होते, स्वस्त पडतं. मी अडून बसलो. वाटेत कुठे बोअरचं, कुठे टँकरचं पाणी भरावं लागणार, त्यातलं क्लोराइड गरम पाण्यात ३०४ ला वेल्डच्या कडेने खातं. कॉइल त्याच स्टीलची, १२ मिलिमीटर जाड, चार मीटर लांब. गार पाणी तळाशी आडवं सोडायचं, गरम अगदी वरून घ्यायचं, म्हणजे दोन्ही थर ढवळले जाणार नाहीत. याशिवाय ८०० वॅटची विजेची कॉइल, ज्या दिवशी गाडी हलणार नाही त्या दिवसासाठी. सगळं आर्गन वेल्डिंगने.

२२ डिसेंबर

टाकी हँडपंपाने ६ बार दाबाला चढवून अर्धा तास ठेवली. टाकी पक्की. कॉइल वेगळी तपासली तेव्हा काटा दहा मिनिटांत अर्धा बार उतरला. साबणाचं पाणी लावलं तर वरच्या सांध्याशी मोहरीएवढा बुडबुडा, फुटायचा आणि पुन्हा उगवायचा. काकांनी काही न बोलता सांधा कापला आणि नवा केला.

हा बुडबुडा गाडीत राहिला असता तर कूलंटमधलं ग्लायकॉल आंघोळीच्या पाण्यात आलं असतं. ग्लायकॉल विषारी आहे. म्हणून तीन नियम ठरवले. या नळाचं पाणी प्यायचं नाही, चहाला घ्यायचं नाही. कूलंटच्या बाटलीवर पातळीची रेघ मारायची आणि रोज सकाळी इंजिन गार असताना बघायची. पंपाचा दाब कूलंटच्या दाबाहून जास्त असतो, त्यामुळे पंप चालू असताना कॉइल गळली तर पाणी कूलंटमध्ये शिरेल आणि पातळी वर चढेल. चढली तरी गडबड, उतरली तरी गडबड.

२९ डिसेंबर

नाना पेठेतून हीटर होज आणि क्लिपा, बोहरी आळीतून पितळी बॉल व्हॉल्व्ह, ६ बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह. होज घेताना दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, कापून आत दोऱ्याचा थर आहे तोच घेतला.

५ जानेवारी २०२५

टाकी मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर बसवली. भरल्यावर २४ किलो होते, म्हणून पट्ट्या थेट चासीच्या आडव्या पट्टीला आवळल्या, प्लायला नाही.

इंजिन चालू केलं, वीस मिनिटं झाली, एक होज कढत आणि दुसरी गारच. हवा अडकली होती. कॉइलचं वरचं तोंड कूलंटच्या बाटलीहून दोन इंच उंच गेलं होतं. टाकी उतरवून खाली घेतली, सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा छोटा कॉक टाकला. आधी फुसफुस, मग हिरवी धार. पाच मिनिटांत दोन्ही होजना हात लावता येईना.

११ जानेवारी

खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. ३५ मिनिटं चालवल्यावर टाकी ६८ अंशांवर. मी गाडीतच झोपलो, रात्रभर आकडे घ्यायला.

रात्री १० : ६८. १२ : ६१. ४ : ५१. सकाळी ८ : ४६.

हे फार उतरलं. टाकीभोवती दोन इंच फोम आहे, त्यातून एवढं जाऊ नये. दोन वाजता इंजिनातून आलेली होज चाचपून पाहिली होती, ती कोमट होती. इंजिन तर चार तास बंद! म्हणजे टाकीतलं ऊन पाणीच उलट कूलंट तापवत होतं आणि ते पंपाशिवाय आपोआप वर चढून इंजिनाकडे फिरत होतं. आम्ही रात्रभर आईच्या पाण्याने इंजिन शेकत होतो.

१४ जानेवारी, संक्रांत

कूलंटच्या होजवर बॉल व्हॉल्व्ह बसवला. गाडी थांबली की बंद, निघताना उघडा. दांड्याला लाल रिबीन बांधली, बाबांच्या नजरेसमोर राहील अशी. ताईने तिळगूळ दिला तो तेलकट हातानेच खाल्ला.

१९ जानेवारी

पुन्हा तीच चाचणी. रात्री १० ला ६८, सकाळी ८ ला ५७. फक्त ११ अंश. सकाळी आंघोळीला विजेची कॉइल लावायची फारशी गरज नाही.

दुसरी भानगड मात्र सापडली. इंजिन चालू असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी. व्हॉल्व्ह बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय. पाणी २० वरून ७० अंशांवर गेलं की दोन टक्क्यांनी फुगतं, १५ लिटरचे ३०० मिलिलिटर जादा होतात. मागे एकतर्फी व्हॉल्व्ह असल्याने त्याला जायला जागाच नाही. घरच्या गिझरखालीही हे होतं आणि लोक वैतागून तो व्हॉल्व्ह घट्ट करतात किंवा तोंड बंद करतात. तसं कधीच करू नये. टाकी फुटण्याआधीची ती एकच वाट असते. मी १ लिटरची हवेची छोटी टाकी जोडली, थेंब थांबले.

२६ जानेवारी

कढत आणि गार पाणी ठरलेल्या अंशाला मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लागला, ४२ अंशांवर. लांबच्या प्रवासात टाकी ८० च्या वर जाते आणि ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत भाजतं. आईच्या हातांची संवेदना कमी झालीय, तिला चटका उशिरा कळतो. ४२ च्या वर नळातून येताच कामा नये.

टाकीतलं पाणी मात्र ६० च्या वर चढू द्यायचं, कोमट साठवण म्हणजे जंतूंना आमंत्रण. सिंहगड रोड, किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडल्यापासून घरात पाणी उकळूनच पितोय आणि आईचा जीव धास्तावलाय. म्हणून गार पाण्याची टाकी आजच निर्जंतुक केली: ९० लिटरला ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट ९० मिलिलिटर, रात्रभर ठेवून दोनदा धुतली. तेवढ्या वेळेपुरतं पाणी बायपासने वळवलं, एवढं क्लोरीन स्टीलच्या गरम टाकीत नको.

३१ जानेवारी

शेवटची चाचणी, या वेळी आईसाठी. बाबांनी गाडी कात्रजला फिरवून आणली. टाकी ७२, गार पाणी २१.

मी बाहेर वही घेऊन उभा. नळाची धार ४१ वर स्थिर, २९ लिटरपर्यंत तशीच, मग उतरायला लागली. आईची बादली, बाबांची बादली, एखादा तांब्या कमी. नंतर तिने बेसिनवर अगदी बारीक धार सोडून हात धरले. ती धार मिनिटाला लिटरभरही नसेल, तरी गरम. बराच वेळ आतून फक्त पाण्याचा आवाज. मग हाक आली, "अरे, बोटं मिटली बघ."

उद्या पहाटे पाचला निघायचं, पहिला मुक्काम धुळ्याला, ४ तारखेच्या नर्मदा जयंतीला ओंकारेश्वरी. सुट्या सामानाच्या डब्यात दोन होज क्लिपा, टेफ्लॉन टेप, दोन लिटर कूलंट आणि ८०० वॅटची एक जादा कॉइल ठेवली. मिक्सिंग व्हॉल्व्हची मूठ जरा जड फिरते, धुळ्याला उतरल्यावर बघतो.